लेव्हल मेंटेन करा

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गावर अक्कलकुव्यात चहाला थांबलात, तर टपरीवर एक तरी गणिती भेटेल. त्याला ओळखणं सोपं आहे. चहावर साय धरलेली, मान खाली आणि ओठ हलताहेत : दहा, वीस, चाळीस, ऐंशी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोराचा पाढा घेतोय. मग एकदम मांडीवर थाप बसते. "आता हिरवा आल्याशिवाय राहत नाही!" हिरवा राहतो. ओठ पुन्हा हलायला लागतात : एकशेसाठ, तीनशेवीस...

या शास्त्राच्या स्थानिक आचार्यांना सगळे 'लेव्हल सर' म्हणतात. सर कुठल्या शाळेवर आहेत, हे कुणी विचारत नाही, कारण त्यांचा वर्ग टपरीवरच भरतो. त्यांच्याकडे दोन फोन. एक खेळायचा, दुसरा घरून आला की न उचलायचा. जुगार हा शब्द सरांना अजिबात खपत नाही. "जुगार अडाणी माणसं खेळतात, भाऊ. नशिबावर. आपली सिस्टीम आहे. याला कलर ट्रेडिंग म्हणतात." ट्रेडिंग म्हटलं की नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याइतकी अब्रू आपोआप मिळते, शिवाय खोकलाही येत नाही.

खेळ असा. दर मिनिटाला शून्य ते नऊ यांतला एक आकडा फुटतो. एक, तीन, सात, नऊ हे हिरवे. दोन, चार, सहा, आठ हे लाल. शून्य आणि पाच हे दलबदलू आकडे, अर्धे जांभळे. पाच आला तर हिरव्यावाल्याला दुपटीऐवजी दीडपटच मिळतात. शिवाय लावलेल्या प्रत्येक शंभरातून दोन रुपये 'सर्व्हिस फी' म्हणून कापून घेतात, तेही निकालाच्या आधी. ॲपचं नाव सारखं बदलतं, लोगो बदलतो; नियम साधारण हाच राहतो.

आता सरांची सिस्टीम. हिरव्यावर दहा रुपये लावा. हरलात तर वीस. पुन्हा हरलात तर चाळीस. दर वेळी दुप्पट. "कितीदाही हरा. एकदा जिंकलात की मागचं सगळं वसूल, वर दहा रुपये सुटे."

काळीपिवळीच्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "अन् नाहीच आला तर?"

"कधी ना कधी येतोच ना!"

यावर ड्रायव्हर गप्प झाला. कारण वाक्य खरं आहे. हिरवा कधी ना कधी येतोच. मोलगीची एसटीसुद्धा कधी ना कधी येतेच. प्रश्न असतो तोवर आपण स्टँडवर आहोत का, एवढाच.

सरांचा समज आहे की ही सिस्टीम टेलिग्रामवरच्या कुणा 'प्रो' माणसानं शोधली. प्रत्यक्षात ती अडीचशे वर्षांहून जुनी आहे. तिला मार्टिंगेल म्हणतात. प्रेमप्रकरणांसाठी बदनाम असलेल्या कॅसानोव्हानं 1754 च्या सुमारास व्हेनिसच्या जुगारघरात नेमकी हीच दुप्पट खेळली आणि आठवणींत लिहूनही ठेवली. काही दिवस गडी रोज जिंकत होता. पैसे अर्थातच त्याचे नव्हते, प्रेयसीचे होते. मग एकदा हिरवा यायचा राहिला आणि गाडी प्रेयसीचे हिरे विकण्यापर्यंत गेली. आमच्याकडे हिरे नसतात. चांदीचे वाळे असतात. बाकी गोष्ट तीच.

गंमत म्हणजे त्याच 1754 साली पॅरिसमध्ये दालांबेर नावाच्या मोठ्या गणितज्ञानं विश्वकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची शक्यता तीनात दोन असते. असते चारात तीन. एवढा मोठा माणूस, पण चूक केली आणि कोशात छापली. त्याच्याही नावानं जुगारात एक सिस्टीम चालते : हरलात तर डाव एकानं वाढवा, जिंकलात तर एकानं उतरवा. ही सज्जन माणसांची सिस्टीम. तिच्यात माणूस बुडतो, पण सावकाश, पायरी-पायरीनं, घाटाच्या पायऱ्या मोजत.

सरांच्या दुपटीचा हिशेब मात्र मी चहाच्या बिलाच्या पाठीवर मांडला. त्यांनी हरकत घेतली नाही. हिशेबाला घाबरणारे ते नव्हेत, फक्त शेवटपर्यंत थांबत नाहीत. सहाव्या पायरीवर डाव येतो 320 रुपयांचा. रोजगार हमीची 2025-26 ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये. म्हणजे सहाव्या मिनिटाला एका बोटाखाली अख्ख्या दिवसाची माती. दहाव्या पायरीवर 5,120 रुपये, सोळा दिवसांहून जास्त मजुरी, आणि तोवर एकूण अडकलेले 10,230. हे सगळं कशासाठी? पहिल्या दहा रुपयांच्या नफ्यासाठी. दहा हजार पणाला लावून दहा रुपये मिळवणं याला सर 'लो रिस्क' म्हणतात.

आणि ते दहा तरी मिळतात का? इथे ती दोन टक्क्यांची फी येते. पाचव्या पायरीवर 160 रुपये लावून जिंकलात तर हातात येतात 313 रुपये 60 पैसे. खर्च झालेले 310. नफा तीन रुपये साठ पैसे. सहाव्या पायरीवर 320 लावून जिंकलात तर येतात 627 रुपये 20 पैसे, खर्च 630. म्हणजे पाच वेळा हरून, घामाघूम होऊन, सहाव्या वेळी जिंकलात, टपरीभर ओरडलात, दोस्ताला भजी सांगितली, आणि जिंकून दोन रुपये ऐंशी पैसे घालवलेत. भजी वेगळी. दहाव्या पायरीवर जिंकलात तर तोटा 194 रुपये 80 पैसे. पत्त्यांच्या अड्ड्यावर हरून घरी जाणारे पुष्कळ पाहिले. जिंकून बुडण्याची सोय विज्ञानानं आता केली.

बिलाची पाठ सरांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "म्हणून तर आता थ्री-एक्स चालतं." दुपटीऐवजी तिप्पट : दहा, तीस, नव्वद. टेलिग्रामच्या ग्रुपवर याला 'आठ लेव्हलचा फंड मेंटेन करा' असं म्हणतात. आठवी लेव्हल 21,870 रुपयांची. आठही मिळून 32,800. हा आकडा बिलावर मावला नाही, हाताच्या पंजावर लिहिला.

मुळात या खेळात हिरव्यावर लावलेल्या शंभर रुपयांमागे सरासरी परत येतात 93 रुपये 10 पैसे. चार हिरव्यांचे, एका अर्ध्या-जांभळ्या पाचाचे आणि कापलेल्या फीचे मिळून. बाकीचे 6 रुपये 90 पैसे ॲपवाल्याचे. दहाच्या डावावर हाच दर, पाच हजारांच्या डावावरही हाच. डाव चढवा, उतरवा, तिप्पट करा, मंगळवारी लाल आणि गुरुवारी हिरवा खेळा. उण्या आकड्यांची बेरीज अधिक होत नाही. सिस्टीम एवढंच करते की रोजची छोटी हार लपवते आणि ती सगळी साठवून एका संध्याकाळी एकरकमी देते. मधल्या दिवसांत माणूस जिंकतच असतो, आणि नेमके तेच दिवस तो टपरीवर येऊन सांगतो. हरल्यावर तो दुसऱ्या टपरीवर चहा पितो.

"पण सलग दहा वेळा लाल म्हणजे हजारात एकदा!" सर म्हणतात. बरोबर, 1,024 मध्ये एकदा. फक्त दिवसात मिनिटं 1,440 असतात, आणि दर मिनिटाला एक खेळ. एवढ्या खेळांत कुठेतरी सलग दहाची रांग लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी निघते. म्हणजे जी आपत्ती सरांना जन्मात एकदा येणारी वाटते, ती दिवसाआड येते; फक्त तेव्हा आपली पाळी असायला हवी. मटक्याच्या काळात बरं होतं. ओपन आणि क्लोज, दोनदा आकडा फुटला की दिवस संपला. मधल्या वेळात माणूस शेतात जाऊन यायचा.

आणि आकड्यांना आठवण नसते, ही गोष्ट तर भल्याभल्यांना पचत नाही. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग 26 वेळा काळा आला. पंधराव्या काळ्यानंतर गर्दीनं लालवर पैसे ओतायला सुरुवात केली. इतके काळे झाले, आता लाल देणं लागतो, असं सगळ्यांचं मत पडलं. चाकाकडे मात्र कुणाची उधारी लिहिलेली नव्हती. बडे-बडे युरोपियन होते हो ते, कोटटाय घातलेले. आपल्या टपरीवरच्या पोरांनाच तेवढी नावं ठेवायचं कारण नाही.

आमच्याकडे जुगार नवा आहे असं मात्र समजू नका. खान्देशात आखाजीला पत्ते कुटायची रीतच आहे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, गाणी होतात. पुरुषमंडळी निंबाखाली गोधडी टाकून बसतात. सालदाराचं साल आखाजीलाच सुटतं, त्यामुळे हातात चार पैसे असतात. मग तीनपत्ती, झन्नामन्ना. एरवी शिस्तीचा माणूस त्या दिवशी बसला, तर बायकोही फक्त एकदाच बोलते.

त्या गोधडीवर दुपटीची सिस्टीम चालवून बघा. तिसऱ्या दुपटीला समोरचा पत्ते खाली ठेवतो. "एवढे आणलेत का? बापाला इचारीसन ये." कुणाची कापणी किती झाली, कुणाची उचल किती, कुणाच्या घरी लग्न, हे सगळ्या फडाला पाठ. पैजेची मर्यादा कुठे लिहिलेली नसते, पण तिचं भान प्रत्येकाला असतं. शिवाय हरलेले पैसे जातात कुठे? समोरच्या आप्पाच्या खिशात. तिथून किराणा दुकानात, तिथून पोळ्याच्या बैलाच्या झुलीत. पैसा गावातच फिरतो. फडावर कुणी नाल, म्हणजे खेळ बसवणाऱ्याचा वाटा, काढलीच, तर त्याला निदान चहा पाजावा लागतो. ॲपवाल्याची नाल मिनिटामिनिटाला जाते आणि कुठल्या देशात जाते तेही कळत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये ईडीनं रंग ओळखायच्या अशाच ऑनलाइन खेळाच्या प्रकरणात सुमारे 47 कोटी रुपये गोठवले होते. एका चिनी नागरिकाला अटक झाली होती. आखाजीच्या फडात सगळ्यात लांबून आलेला माणूस शेजारच्या सागबाऱ्याचा जावई असतो.

कायद्याचीही मौज आहे. निंबाखाली बसलेल्यांवर छापा पडला की पेपरात येतं : 'सार्वजनिक जागी, स्वतःच्या फायद्यासाठी झन्नामन्ना नावाचा जुगार खेळताना मिळून आले, रोख रक्कम व जुगाराची साधने जप्त.' कायदा 1887 चा, कलम 12(अ). ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो पीडित धरला आहे. म्हणजे झाडाखाली पन्नास रुपये लावणारा आरोपी, आणि फोनवर पन्नास हजार घालवणारा पीडित. तत्त्व म्हणून मला हे पटतं. झाडाखालच्याला पटवून देणं अवघड आहे.

या बंदीच्या महिनाभर आधी नंदुरबारचं नाव या विषयात वेगळ्याच वाटेनं आलं होतं. विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर पत्ते दिसणारा व्हिडिओ विरोधकांनी फिरवला, तो तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा. आणि ते तेव्हा आमच्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. आपण रमी खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ घालवत होतो, असा त्यांचा खुलासा. जुलैच्या अखेरीला त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खुलाशावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. मी ठेवतो. आमच्याकडे सातबारा उघडायला गेलं तरी आधी रमीच येते, आणि ती घालवायची फुली कुठे असते ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

डाव चढवण्याच्या वेडाची मुळं मात्र याहून खोल आहेत, आणि तीही याच डोंगरात. वेदकाळी फासे म्हणून वापरायचे ते बेहड्याचं फळ. मूठभर उचलायची, मोजायची. चाराच्या पटीत आली तर 'कृत', म्हणजे जिंकलात. एक उरलं तर 'कली', म्हणजे बुडालात. नलाच्या कथेत त्याच्या अंगातून निघालेला कली शेवटी शिरतो तोही बेहड्याच्याच झाडात. सातपुड्यात बेहडा भरपूर. वनखात्याच्या दप्तरी त्याची नोंद गौण वनोपज अशी आहे. कलीची वेगळी नोंद नाही.

आणि युधिष्ठिर! पहिला पण मौल्यवान हाराचा. मग सोनं, मग रथ, मग हत्तीघोडे, मग राज्य. मग नकुल. एकही डाव जिंकला नाही, पण पुढचा पण मागच्याहून मोठा. धर्मराज होता, शिकलेला होता, शेजारी विदुर ओरडून सांगत होता. त्याच्या डोक्यातही तेच चाललं असणार : एकदा जिंकलो की मागचं सगळं वसूल. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे ते जरा जास्त जवळून माहीत आहे. शेजारच्या धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीला हजारो लोक तो चढतात. कपाळाच्या जखमेला तेल मागत अश्वत्थामा तिथे अजून फिरतो, अशी श्रद्धा. त्या एका बैठकीची वसुली किती पिढ्या चालली बघा; शेवटची थकबाकी अजून सातपुड्यात आहे.

मोलगीच्या पुढे, नर्मदेकडच्या पाड्यांत, रेंज घरात येत नाही. ती टेकडीवर राहते. रेशनच्या अंगठ्यासाठी, कामाच्या ऑनलाइन हजेरीसाठी लोक टेकडी चढतात. हल्ली टेकडीवर संध्याकाळी गर्दी असते. ऊसतोडीला बारडोलीकडे जाऊन आलेली पोरं फोन घेऊन आलीत, आणि मुकादमाच्या उचलीतले उरलेले पैसे यूपीआयनं कुठेही जातात. सरकारला जिथे रेंज मिळत नाही तिथे ॲपला मिळते, हे मी स्वतः पाहिलंय. कंपनीच्या माणसाला कारण विचारलं, तर तो म्हणाला, "हवामान."

या सगळ्यावर लेव्हल सरांचं एकच उत्तर असतं : "मग मी कसा कमावतो?" आणि सर खरोखर कमावतात. नवी मोटरसायकल आहे, दुसरा फोन पहिल्यापेक्षा भारी आहे. हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. सुटलं ते काळीपिवळीच्या ड्रायव्हरमुळे. सरांनी त्याला पाठवलेल्या लिंकच्या शेवटी एक कोड होता. त्या कोडवरून जो रिचार्ज करेल, त्याच्या रिचार्जचा वाटा सरांना. त्यानं आणखी कुणाला जोडलं, तर त्याचाही. तिथेही लेव्हलच आहेत, आणि त्या चढत्या नसून उतरत्या आहेत : एक, दोन, तीन. सर स्वतः हिरव्यावर दहा रुपयांच्या वर जातच नाहीत. फंड मेंटेन करतात ते बाकीचे.

तेव्हा चढत्या डावाची सिस्टीम ऑनलाइन खेळात चालते का, याचं उत्तर 'चालते' असंच आहे. कोड ज्याचा, त्याची चालते.

पहिले दोनतीनशे रुपये ॲप झटकन काढू देतं. त्याचा स्क्रीनशॉट तुम्हीच ग्रुपवर टाकता. रक्कम मोठी झाली की 'विथड्रॉल पेंडिंग' येतं. त्यापाठोपाठ मेसेज येतो : आधी तीस टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील. तो भरू नका. प्राप्तिकर खातं कसंही असो, टेलिग्रामवर वसुलीला बसत नाही. सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर 1930 आहे. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवून लगेच लावा; जितका उशीर, तितके पैसे खात्याखात्यांतून पुढे निघून जातात. त्यासाठी टेकडी चढावी लागली तर चढा. हरायला चढत होतात, तेव्हा कुठे दम लागत होता?